पिवळ्या काचेने उजेड वाढत नाही

प्रश्न: मी ४८ वर्षांची आहे. हर्णैला राहते आणि दापोलीला एका दवाखान्यात नोकरी करते. गेल्या वर्षापासून आठवड्यातले तीन-चार दिवस सायकलने जाते. सकाळी सहाला निघते तेव्हा काळोखच असतो. संध्याकाळी साडेपाचला सुटते, आणि दिवाळी झाल्यापासून वाटेतल्या आसूद गावाच्या पुढे आले की अंधारून येतं. लांबचा उणे दीडचा नंबर आहे, शिवाय चाळिशी, त्यामुळे प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरते. वारा, धूळ आणि तिन्हीसांजेची चिलटं डोळ्यांत जातात म्हणून सायकलसाठी वेगळा चष्मा करायचा आहे. यजमानांनी ‘नाइट ड्रायव्हिंग’चा पिवळा गॉगल ऑनलाइन मागवून दिलाय. चष्म्यावरून तो घातला की सगळं उजळल्यासारखं वाटतं. सोबतच्या सायकलवाल्यांपैकी एक जण तपकिरी काच घ्या म्हणतो, दुसरा उन्हात आपोआप काळी होणारी. दुकानदाराने ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश कापणारी काच, सुचवली. कमी उजेडासाठी नक्की कोणत्या रंगाची काच घ्यावी? साडेतीन हजारांपर्यंत खर्च करू शकते.
– एक वाचक, हर्णै

ताई, नमस्कार.

रंगाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: कोणताच नको. तुमच्या वेळांना पांढरी, म्हणजे बिनरंगी काचच हवी. तुमच्या नंबरची, पॉलिकार्बोनेट या कणखर प्लॅस्टिकची आणि दोन्ही अंगांना एआरसी केलेली. दुकानात एआरसी एवढं म्हटलं तरी कळतं, काचेवरची चकाकी मारणारं कोटिंग. त्यातून जे पैसे उरतील ते सायकलच्या दिव्यावर घाला. आता हे का, तेही सांगतो, कारण घरी यजमानांची समजूत तुम्हालाच घालायची आहे.

काच रंगवली की ती प्रकाश अडवते. पिवळी असो, तपकिरी असो, गुलाबी असो, काम अडवण्याचंच. कोणता भाग आणि किती अडवायचा एवढाच फरक. आत येणारा प्रकाश वाढवणारा रंग अजून निघालेला नाही. गॉगलच्या काचा किती प्रकाश आत सोडतात त्यावरून त्यांचे शून्य ते चार असे पाच वर्ग केलेले आहेत, आणि बऱ्या कंपनीच्या गॉगलवर तो आकडा दांडीच्या आतल्या अंगाला किंवा सोबतच्या कागदावर छापलेला असतो. शून्य वर्गाच्या काचेतून ८० टक्क्यांच्या वर प्रकाश येतो, पहिल्यातून ४३ ते ८०, दुसऱ्यातून १८ ते ४३, तिसऱ्यातून ८ ते १८ आणि चौथ्यातून जेमतेम ३ ते ८. भर दुपारी किनाऱ्यावर घालतात तो काळा गॉगल बहुधा तिसऱ्या वर्गातला. या गॉगलांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात स्पष्ट म्हटलंय, की ७५ टक्क्यांहून कमी प्रकाश सोडणारी काच संधिप्रकाशात किंवा रात्री वाहन चालवताना वापरू नये. आपल्याकडे मोटारीच्या पुढच्या काचेलाही किमान ७० टक्क्यांची अट आहे. आणि मोटारीला पुढे दोन दणदणीत हेडलाइट असतात, तुमच्या सायकलला नाहीत.

उजेड लक्समध्ये मोजतात. दुपारच्या रखरखीत उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो. सूर्य समुद्राला टेकतो तेव्हा तो चारेकशे लक्सवर येतो, आणि त्यानंतर वीस-बावीस मिनिटांत तीन-चार लक्सवर. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, पटकन आवरतं घेतो. दुपारी ८५ टक्के अडवले तरी उरतं ते मुबलक असतं. दिवेलागणीला ४० टक्के अडवले, तर ज्या थोडक्यावर तुमचं भागत होतं त्यातलेच जातात.

वयाचाही भाग आहे. विशीत काळोखात डोळ्याची बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. पुढे ती तेवढी उघडत नाही, आतलं भिंगही हळूहळू पिवळसर होत जातं. साठीला पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत साधारण एकतृतीयांशावर येतो. तुम्ही या दोन टोकांच्या मध्ये आहात. डोळ्याने आपला पिवळा गॉगल आतून चढवायला घेतलाच आहे, वरून दुसरा कशाला?

पण मग तो घातल्यावर उजळ का वाटतं? वाटतं हे खरं आहे. पिवळी काच निळा भाग कापते. सावल्यांमधला, मळभातला निळसर करडेपणा गेला की कडा ठसठशीत होतात आणि ऊन पडल्यासारखा भास होतो. उजेड वाढलेला नसतो, रंग बदललेला असतो. अंधार पडू लागल्यावर तर हा सौदा तोट्याचाच होतो. डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात काम करतात आणि पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात, म्हणजे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधुक उजेडात पुढे येतात, त्यांची ओढ ५०० नॅनोमीटरच्या निळसर हिरव्याकडे. म्हणजे जसजसं अंधारत जातं तसतसा डोळा निळ्याकडे सरकतो. आणि पिवळी काच नेमका तोच तुकडा कापून ठेवते. हे अंगणातही दिसतं: तिन्हीसांजेला जास्वंदीचं लाल फूल आधी काळं पडतं, त्याची पानं मात्र बराच वेळ उजळ राहतात. पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हेच टिपलं होतं, तेही फुलं बघूनच.

‘नाइट ड्रायव्हिंग’ची परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेत बोस्टनच्या शेपन्स नेत्रसंशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ साली हे निष्कर्ष छापले. ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर रात्रीचा रस्ता उभा केला, समोरच्या हेडलाइटची तिरीपही आणली, आणि रस्त्यावरचा माणूस कधी दिसतो ते पिवळ्या आणि पांढऱ्या काचेतून मोजलं. पिवळ्याने काही फायदा झाला नाही. उलट माणूस ओळखायला किंचित उशीरच होताना दिसला. यजमानांनी काळजीपोटी आणलाय, तेव्हा हे सांगताना जरा सांभाळून सांगा.

घरच्या घरी खात्री करून घ्यायची असेल तर सूर्य मावळल्यावर पंधरा मिनिटांनी घरासमोरच्या रस्त्यावर उभ्या राहा. दहा-बारा पावलांवर एक चिऱ्याचा तुकडा, एक नारळाची सुकी करवंटी आणि मूठभर पातेरा टाकायला सांगा, कुठे ते तुम्हाला न सांगता. आधी नेहमीच्या चष्म्याने शोधा, मग जागा बदलून पिवळा चढवून. सगळं छान दिसतंय असं वाटणं वेगळं आणि वस्तू सापडणं वेगळं, ते तिथेच कळेल. रस्त्यावर तुम्हाला शोधायचं असतं ते हेच: खड्डा कुठला, शेण कुठलं आणि नुसती सावली कुठली.

तपकिरी काचेचा सल्ला देणारे तुमचे सोबती चुकीचे नाहीत, त्यांची वेळ वेगळी असावी. पावसाळ्यातल्या मळभाच्या सकाळी, आठ-नऊ वाजता, आभाळ पांढरंफटक असतं आणि डांबराचे खाचखळगे सपाट दिसतात. अशा वेळी पहिल्या वर्गातली तपकिरी किंवा गुलाबी काच खरंच सुखाची वाटते, कारण ढग असले तरी तेव्हा हजारो लक्स प्रकाश असतो, थोडा कापला तरी चालतो. पिवळ्या गॉगललाही तिथेच काम द्या. धुक्यात मात्र त्याचा भरवसा धरू नका. पिवळा रंग धुकं भेदतो ही जुनी समजूत आहे. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात.

आता तुमचा रस्ता. त्याची खरी गंमत, खरं तर जाच, पत्रात आलेलाच नाही. हर्णै पश्चिमेला, दापोली पूर्वेला आणि उंचावर. म्हणजे सकाळी चढताना सूर्य समोरून उगवतो आणि संध्याकाळी परतताना समोरच मावळतो. नोव्हेंबरच्या मध्यावर तुमच्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे पहिली चाळीसेक मिनिटं काळोख-संधिप्रकाश आणि वर पोचता पोचता डोळ्यांत तिरीप. संध्याकाळी नेमकं उलट: आधी तिरीप, मग आसूदच्या उतारावर झाडोऱ्याची गर्द सावली, मग कातरवेळ. एकाच फेरीत दोन टोकं. दोन्हीला पुरेल असा रंग नाही. तिरीपेसाठी गडद काच घातलीत तर आसूदच्या वळणांवर ती तुम्हाला आंधळं करेल. काढावी म्हटलं तर नंबरच्या चष्म्याचं काय?

तिरीपेचा उपाय काचेत शोधू नका, कपाळावर शोधा. हेल्मेटच्या आत घालायची छोट्या झापेची कापडी सायकल-टोपी मिळते. मान दोन बोटं खाली केली की झाप सूर्यावर येते आणि खालचा रस्ता मोकळा राहतो. सावलीत शिरलात की मान वर, काम संपलं. पावसाळ्यात हीच झाप काचेवरचे थेंबही कमी करते. हेल्मेटलाच झाप असेल तर टोपीचीही गरज नाही.

उन्हात काळी होणारी काच, म्हणजे फोटोक्रोमिक, तिच्याबद्दल लोक फार अपेक्षा ठेवतात. ती उजेडाने नाही, मुख्यत: अतिनील किरणांनी काळी होते. क्षितिजाला टेकलेल्या सूर्याकडून ते किरण फारच कमी येतात. म्हणून तुमच्या तिरीपेत ती पुरेशी काळी होणार नाही, आणि काळोखात जवळजवळ पांढरीच राहील. म्हणजे तुमच्या वेळांना तिचा उपद्रव नाही, उपयोगही नाही. शिवाय उष्णतेत ती कमी काळी होते, आपल्याकडच्या मे महिन्यात तर फिकट गॉगलाएवढीच. काळी व्हायला अर्धं मिनिट पुरतं, पण निवळायला काही मिनिटं लागतात. रविवारी अकरा वाजता सड्यावरच्या उन्हातून सरळ आसूदच्या सावलीत उतरलात तर उतार संपेपर्यंत ती काळीच असते. रविवारी दिवसभर फिरणार असाल आणि एकच चष्मा परवडणार असेल तर तिचा विचार करा, पण निवळल्यावर ती किती टक्के प्रकाश सोडते ते विचारून. ८५च्या खाली असेल तर नको.

पोलराइज्ड काच कोणी सुचवली नाही हे बरं झालं. समुद्रावरची चकाकी मारायला ती उत्तम, म्हणून होडीवरच्या लोकांना ती आवडते. पण मुळात अर्ध्याच्या आसपास प्रकाश ती खातेच, आणि ओल्या डांबराची, सांडलेल्या तेलाची जी चमक तुम्हाला सावध करते तीही पुसून टाकते. मोबाइलचा किंवा सायकलवरच्या मीटरचा पडदा तिच्यातून काही कोनांत काळा दिसतो ते वेगळंच.

ब्लू कटचं थोडक्यात: दुकानदाराला त्यात बरे पैसे सुटतात. काच किंचित पिवळट असते आणि तिच्यावर निळसर चकाकी दिसते. तुमच्या कामाची नाही. साधं एआरसी मागा, ‘तेच आहे ना ताई यात’ असं म्हणाला तरी साधंच मागा.

एआरसीवर एवढा भर देतोय त्याचं कारण सांगतो. पॉलिकार्बोनेटची साधी काच प्रत्येक पृष्ठभागावरून पाचेक टक्के प्रकाश परतवते, म्हणजे दोन्ही मिळून दहा. चांगल्या कोटिंगने आरपार ९८ टक्क्यांच्या आसपास येतो. खरं सांगायचं तर ९० आणि ९८ मधला फरक उजेड म्हणून तुम्हाला जाणवणारही नाही. जाणवेल ते दुसरंच. परतलेला प्रकाश दोन पृष्ठभागांमध्ये घोटाळतो, समोरून येणाऱ्या डंपरच्या हेडलाइटची भुतं काचेत नाचतात, आणि मागून आलेल्या गाडीचा झोत काचेच्या आतल्या अंगावर आपटून थेट डोळ्यांत येतो. म्हणून आतल्या अंगालाही कोटिंग हवंच. दुसरी भीती मनातून काढा: पांढरी काच म्हणजे अतिनील किरणांना मोकळं रान, असं नाही. पॉलिकार्बोनेट रंग नसतानाही ते किरण अडवतं. काळेपणाचा आणि त्या संरक्षणाचा संबंध नसतो. शिवाय खडी उडाली तर ते सहसा फुटत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र तुमच्या पत्रात ओझरतं आलंय: प्रोग्रेसिव्ह. त्या काचेत वरचा भाग लांबचा आणि खाली उतरत जाल तसा जवळचा. सायकलवर पुढच्या चाकासमोरचे तीन-चार मीटर बघायला नजर खाली जाते, आणि तिथे जवळचा नंबर बसलेला असतो. म्हणजे खड्डा अगदी जवळ आला की तो धूसर होतो. कडेच्या भागातही अशा काचेत थोडी ओढाताण असतेच, त्यामुळे डावीकडून गुरं येताहेत का हे बघायला मान पूर्ण वळवावी लागते. उजेडात मेंदू हे सगळं सांभाळून घेतो, काळोखात त्याला ते झेपत नाही. तुम्हाला वाटणारा निम्मा अंधार हा असू शकतो. सायकलसाठी फक्त लांबच्या नंबरचा, एकाच नंबरचा चष्मा करा. मीटरवरचे आकडे थोडे पुसट दिसतील, दिसू देत. चाळिशी पिशवीत ठेवा.

एकाच नंबरच्या काचा प्रोग्रेसिव्हपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात, त्यामुळे तुमच्या रकमेत पॉलिकार्बोनेट आणि एआरसी दोन्ही बसावं. चौकट निवडताना सायकलवर बसतो तसं पुढे वाकून समोर बघा. चौकटीची वरची कड नजरेच्या आड येत असेल तर ती नको, जरा उंच काचेची घ्या. चिलटं आणि वारा अडवायला ती चेहऱ्याजवळ बसणारी हवी, पण गालांना आणि भुवयांना न टेकणारी. टेकली की आसूदच्या चढावर घामाने काच धुरकटलीच म्हणून समजा. चढावर हळू जाताना चष्मा नाकावरून जरा पुढे ओढायचा, हवा खेळते. गॉगलसारख्या फार वळणदार चौकटीत नंबर बसवायच्या भानगडीत पडू नका. ते नीट करणारे कारागीर कमी, आणि बिघडलं तर कडेला रस्ता वाकडा दिसतो.

किनाऱ्यावरच्या माणसाला एक जादा काम असतं. खाऱ्या वाऱ्याने काचेवर मिठाचा पातळ थर बसतो, त्यात लाल धूळ. तो पदराने किंवा ओढणीने पुसला की मिठाचे कण आणि धूळ कोटिंगवर ओरखडे काढतात, आणि ओरखड्यांच्या काचेतून प्रत्येक हेडलाइटला किरणांची फुलं फुटतात. आधी नळाखाली धरायची, भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटाने फिरवायचा, पुन्हा धुवायची आणि मऊ कापडाने टिपायची. रोज, अंघोळीच्या वेळी. काच कितीही महागाची असली तरी वर्षभरात ओरखडली तर बदलावी लागेल.

उरलेल्या पैशांतून पुढचा दिवा. हजार-दीड हजारात चार्ज होणारा बरा दिवा मिळतो. हँडलवर तो असा बसवा की झोताचा मध्य आठ-दहा मीटरवर रस्त्यावर पडेल, समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही. ताशी २५ किलोमीटरने उतरताना तुम्ही सेकंदाला सात मीटर जाता. खड्डा दिसून ब्रेकवर बोटं आवळेपर्यंतच दहा मीटर संपतात. तेव्हा आसूदच्या उतारावर झोत अजून थोडा लांब, वेग मात्र कमी. मागचा लाल दिवा हर्णै सोडतानाच लावा, उजाडल्यावरही चालू राहू द्या. समोर सूर्य असलेल्या ड्रायव्हरला तुम्ही तशाही नीट दिसत नाही, आणि तोही त्याच दिशेला चाललाय. आणि दिवस लवकर मोठा होईल अशा भ्रमात राहू नका: संध्याकाळ नोव्हेंबरअखेरीनंतर लांबायला लागते, पण सकाळ संक्रांतीपर्यंत उशिराच होत जाते, जानेवारीच्या मध्याला तुमच्याकडे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास पडतो.

काचा टाकायच्या आधी नंबर एकदा नीट तपासून घ्या, आणि दुकानातल्या यंत्रावर नाही, नेत्रतज्ज्ञाकडे. काळोखात उणे नंबर किंचित वाढल्यासारखा वागतो, म्हणून जुना, अर्ध्या नंबरने (०.५ने) कमी पडणारा चष्मा दिवसा खपून जातो आणि रात्री दगा देतो. हेडलाइटभोवती वलयं दिसत असतील तर तेही सांगा, मोतीबिंदूची सुरुवात आहे का ते त्यांना बघू दे. त्या दिवशी सायकल घरी ठेवून एसटीने जा. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर पुढचे काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं धड दिसत नाही.